पाचशे किलोंची हौस

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या बऱ्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात डोकावलं तर इंच-पाऊण इंचाचे एमएस स्क्वेअर पाइप रचून ठेवलेले दिसतात आणि कोपऱ्यात आर्गनचा वेल्डिंग सेट असतो. दोन गाळे सोडून कुणीतरी केमिकल कंपनीसाठी फायबरची टाकी घडवत असतो, रेझिनचा वास रस्त्यापर्यंत येतो. या सामानात एक साधं, चालू इंजिन घातलं की १९५७ सालची लोटस सेव्हन तयार होते. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

उघडी, बुटकी, दोन सीटची, ब्रिटिश वळणाची हलकी गाडी आपल्याकडे असावी असं ज्यांना मनापासून वाटतं आणि जे पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यात राहतात त्यांच्यासाठी हा लेख आहे. काय घ्यावं, काय टाळावं, घेण्याआधी गाडीखाली झोपून काय बघावं आणि आपल्या खाऱ्या, दमट, ट्रकांनी भरलेल्या भागात ती कशी जगवावी, एवढंच सांगायचं आहे. हौशीचं समर्थन करत बसणार नाही. ते घरच्यांपुढे तुम्हालाच करायचं आहे.

आधी हे हलकेपण आलं कुठून ते पाहू. कॉलिन चॅपमनने लंडनच्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात लोटसचं काम थाटलं. सेव्हन ही त्याची अगदी साधी गाडी. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि फोर्डच्या घरगुती मोटारीतलं ११७२ सीसीचं, जेमतेम ४० अश्वशक्तीचं इंजिन. पुढे १९६० च्या मॉडेलात नाक आणि मडगार्ड फायबरचे झाले. सगळी गाडी सुमारे ५०० किलोंची, म्हणजे गच्चीवरच्या भरलेल्या पाचशे लिटरच्या टाकीएवढी. ती सुट्ट्या भागांच्या संचात विकली जाई, कारण ग्राहकाने स्वतः जोडलेल्या गाडीवर त्या वेळचा ब्रिटिश खरेदीकर लागत नसे. संचासोबत जोडणीची माहिती देणंही करात अडकवेल, म्हणून लोटसने गाडी उघडण्याच्या सूचना दिल्या आणि त्या उलट्या क्रमाने वाचायच्या, असा किस्सा तिकडे अजून सांगतात. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीने घेतले. ती कंपनी तोच आकार आजही बनवते.

चाळीस घोडे म्हटल्यावर हसू येईल, म्हणून हिशेब मांडतो. ५०० किलोंना ४० अश्वशक्ती म्हणजे टनाला ८०. आज आपल्याकडे मिरवणाऱ्या १७०० किलोंच्या, १३० अश्वशक्तीच्या एसयूव्हीचा हिशेब टनाला ७६ येतो. खरा फरक तर ब्रेक दाबल्यावर आणि वळणावर कळतो. त्याच वेगात धावणाऱ्या ५०० किलोंना थांबवायला १७०० किलोंच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याहून कमी ऊर्जा जिरवावी लागते, म्हणून ब्रेक लहान चालतात, चाकं लहान चालतात, टायर अरुंद चालतात, आणि यातला प्रत्येक भाग पुन्हा वजन वाचवतो. पॉवर स्टीअरिंगची गरज उरत नाही. ते नसल्यामुळे डांबरावरची खडी, रस्त्याचा उतार, पुढचं चाक घसरू लागल्याची पहिली खूण, सगळं थेट हाताला लागतं. ढुंगण जमिनीपासून वीतभर वर, त्यामुळे ताशी ५० ला ८० चा भास होतो.

आपल्याकडे या गाडीला अर्थ आहे तो यामुळेच. सहाशे घोड्यांची इटालियन गाडी माहीमच्या वाडीतल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गुदमरते. हलक्या गाडीची मजा चाळीस ते साठच्या वेगात येते, आणि आपले रस्ते, आपला कायदा नि आपली गुरं तेवढाच वेग देतात.

आता बाजारात काय आहे? नाव ब्रिटिश असलं म्हणजे गाडी हलकी, हा भ्रम प्रथम सोडा. लोटस २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आली ती एलेत्रे घेऊन. ती विजेवरची एसयूव्ही, वजन सुमारे अडीच टन. म्हणजे पाच सेव्हन. एमजीची सायबरस्टर ही दोन सीटची उघडी गाडी २०२५ मध्ये आली, दिसते देखणी, पण विजेवरची असल्यामुळे तीही दोन टनांच्या घरात जाते आणि किंमत पाऊण कोटीच्या आसपास. एमजीचा इथला कारभार आता जेएसडब्ल्यूच्या भागीदारीत चालतो, आणि या जेएसडब्ल्यूच्या पोलादाची सुरुवात आपल्याच तारापुरात झाली: जिंदालांनी १९८२ मध्ये पिरामल स्टील विकत घेतलं, त्या कंपनीची छोटी पोलाद गिरणी तारापूरला होती. बोईसरकरांनी सायबरस्टरकडे आपुलकीने पाहायला हरकत नाही. पण हलक्या गाडीची हौस तिच्याने भागणार नाही.

या जातीची खरी गाडी आपल्या समुद्राच्या काठावरच बनली आहे. अलिबागजवळ कार्लेखिंडीत शमा आणि गीडो बोथे या दांपत्याने चिंकारा मोटर्स सुरू केली आणि चिंकारा रोडस्टर १.८ एस काढली. रूप थेट लोटस सेव्हनचं: लांब नाक, उघडे मडगार्ड, मागच्या चाकांना टेकून बसलेली दोन माणसं. अंग फायबरचं. वजन आठशे किलोंच्या आसपास, म्हणजे सेव्हनपेक्षा जड, पण आजच्या बहुतेक हॅचबॅकच्या खाली किंवा बरोबरीला. सर्वांत शहाणपणाचा निर्णय इंजिनाचा होता. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबेसेडर आणि काँटेसामध्ये बसणारं १८०० सीसीचं इसुझु पेट्रोल इंजिन त्यांनी घेतलं. अँबेसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये उत्तरपाड्यात थांबलं, तरी मुंबईत हे इंजिन झोपेत उघडू शकणारे मिस्त्री अजून आहेत, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने फिरलं तर सामान मिळतं. स्पोर्ट्स कार घेताना ती किती पळते हे सगळे विचारतात. तुम्ही आधी तिचा वॉटर पंप कुठे मिळतो ते विचारा.

दुसरी गाडी गोव्याची, सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली, फ्रेंच आराखड्याची, फायबरच्या अंगाची, रेनोच्या ११४९ सीसीच्या, ६० अश्वशक्तीच्या इंजिनाची. ब्रिटिश नव्हे, पण वृत्ती तीच. दारं आहेत, काचा आहेत, म्हणजे पावसात अगदीच दैना नाही. अडचण सुट्या भागांची. हे इंजिन अँबेसेडरच्या इसुझुसारखं गावोगावच्या मिस्त्रींच्या हातून गेलेलं नाही. स्वस्तात मिळाली म्हणून स्टॉर्म उचलू नका. सोबत निकामी का होईना दुसरं इंजिन मिळत असेल तर विचार करा.

तिसरा रस्ता स्टँडर्ड हेराल्डचा. ही ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड, मद्रासमध्ये १९६१ पासून बनली. दोन सीटची नाही हे मान्य. पण हिचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची गाडी काढली, आणि दोन्हींचं रूप मिकेलोत्ती या इटालियनाने रेखलं. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. टायरवर बसून, चहाचा कप हाती धरून प्लग बदलता येतो. जुन्या ब्रिटिश गाडीची ओळख करून घ्यायला हेराल्डइतकी सोशीक शिक्षिका नाही. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्या नोंदणीवर रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं इतक्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणायची. रविवारी केळव्याला जायचं असेल तर नेहमीची नोंदणी चालू ठेवून नूतनीकरण करत राहणं सोयीचं.

इथे वाचकांतल्या हातखंडा फॅब्रिकेटरांना प्रश्न पडेल, की सामान आपल्या गाळ्यात, हात आपले, तर मग स्वतःच का बनवू नये? बनवा, खुशाल बनवा. फक्त ती रस्त्यावर नेता येणार नाही. आपल्याकडे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून, मंजूर करून घ्यावा लागतो, आणि तो खर्च एका गाडीसाठी परवडण्यासारखा नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली, आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण त्याच दमात सांगितलं, की नियमात बसत नसल्यामुळे ती कधीतरी अडवली जाईल. जीप देऊन लोहारांनी बोलेरो घेतली. आपल्याला बोलेरो कोणी देणार नाही.

जुन्या गाडीचं अंग कापून तिला रोडस्टर करण्याचा उद्योगही करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं: उत्पादकाने ठरवलेलं मूळ स्वरूप बदलता येणार नाही. बदल केलाच तर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरटीओ एजंट 'होऊन जाईल साहेब' म्हणेल. अपघात झाला की विमा कंपनी तसं म्हणत नाही.

तेव्हा जुनी, नोंदणी झालेली, कागद स्वच्छ असलेली गाडीच शोधायची. आणि शोधताना क्रम असा ठेवा: आधी कागद, मग सांगाडा, मग इंजिन, आणि रंग सगळ्यांत शेवटी. बहुतेकजण उलट्या क्रमाने जातात आणि लाल रंगावर भाळून सौदा करतात.

कागदांत पहिलं आरसी बुक. उत्पादकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा. रोडस्टर चिंकाराची आणि आरसीवर नाव भलत्याच कंपनीचं, तर तिथूनच नमस्कार करून निघा. कुणीतरी भंगारातल्या गाडीचे कागद वापरले आहेत. चासी नंबर नळीवर किंवा पट्टीवर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तसाच ठसा घ्या आणि आरसीशी अंक-अंक ताडून पाहा. आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजा रंग दिसला की थांबा. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर फॉर्म ३५, आणि नावावर करायला २९ नि ३०. पंधरा वर्षं उलटली असतील तर नूतनीकरण झालंय का ते बघा. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि वीस वर्षांपलीकडच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा. मुदत संपून गेली असेल तर ती भानगड विकणाऱ्याने निस्तरून द्यावी. 'तुम्ही करून घ्या, पैसे कमी करतो' हा सौदा घेऊ नका.

आता गाडीखाली जा. खांद्याखाली पोतं घ्या, बॅटरी घ्या, एक लहान चुंबक आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या. फायबर गंजत नाही म्हणून या गाड्या वरून वीस वर्षं नव्यासारख्या दिसतात, आणि आत नळ्या कुजलेल्या असतात. खालच्या दोन लांब नळ्या, सीट जिथे बोल्ट केल्या आहेत ती आडवी नळी, आणि सस्पेन्शनचे हात जिथे येऊन मिळतात ते कान, एवढ्या जागा सोडू नका. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने नळीवर हळू ठोका. धडधाकट नळी खणखणीत बोलते. आतून गंजलेली बद्द वाजते, आणि कधी कधी आतला गंज सळसळत खाली सरकल्याचा आवाजही येतो. मग चुंबक फिरवा. एखाद्या जागी तो नीट धरत नसेल तर तिथे लोखंडावर पुट्टीचा जाड थर आहे, आणि पुट्टी कशासाठी थापतात हे सांगायला नको. वेल्डचे सांधे पाहा. एका बाजूचे सांधे सुबक आणि दुसऱ्या बाजूला शेंबूड लोंबल्यासारखे, तर त्या बाजूने गाडी ठोकलेली आहे.

त्यानंतर दोरी. पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत दोरी ताणून खूण करा. मग उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सांगाडा वाकलेला आहे. तो सरळ होतो, पण त्या कामाचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतील. त्या वरच्या लेपाच्या असल्या तर चिंता नाही. बोट दाबल्यावर ती जागा आत जात असेल, कटकट वाजत असेल, तर आतली मॅट सुटली आहे. हे काम कार पेंटरकडे नेऊ नका. तो पुट्टी भरून रंग मारून देईल आणि भेग एका पावसाळ्यात परत येईल. एमआयडीसीत केमिकलच्या टाक्या घडवणारा किंवा सातपाटीकडे होड्यांना फायबर लावणारा कारागीर गाठा. तो आतल्या बाजूने घासून, रेझिनमध्ये मॅटचे थर चढवून जागा बांधतो. त्याला गाडीचं कौतुक नसतं, आणि ते बरंच असतं.

वेल्डिंगचंही तसंच. खिडकीचे गज जोडणाऱ्याच्या हाती सस्पेन्शनचा कान देऊ नका. बोईसरमध्ये ६जी पास वेल्डर आहेत, कंपन्यांच्या शटडाउनला जाणारे, ज्यांचे सांधे एक्स-रेखाली तपासले जातात. त्यातल्या एखाद्याची सुट्टीची सकाळ मागून घ्या. मुंबईतल्या महागड्या रिस्टोरेशनवाल्यापेक्षा तो अधिक जाणतो, फक्त मोटारींबद्दल जाणतो असं त्याला स्वतःला वाटत नाही.

चालवून पाहताना पायात ड्युटीचे सेफ्टी शूज नकोत. पेडलं इतकी जवळ असतात की ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. पातळ तळव्याचे बूट घाला. ब्रेकला बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखं घट्ट लागेल, तो दोष नव्हे. पण दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेला. टायरची नक्षी बघून फसू नका. या गाड्या वर्षाला थोड्याच फिरतात, नक्षी कोरी राहते आणि रबर लाकडासारखं होतं. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर बदलायचे आहेत असं धरूनच भाव करा. सायलेन्सर बाहेरून, कुशीलगत जाणारा असेल तर उतरताना पोटरी भाजेल. ते प्रत्येकाचं एकदा होतंच.

घरी आणलीत. आता आपला भाग. पालघर तालुक्याची पश्चिम बाजू म्हणजे खारा वारा, आणि बोईसरला त्यात कारखान्यांची हवा मिसळते. नळ्यांच्या सांगाड्याला खालून जळकं ऑइल फवारायची ट्रकवाल्यांची पद्धत इथे नको. ते ब्रेक डिस्कवर जातं. नळ्या घासून, प्रायमर देऊन इपॉक्सी रंग लावा, आणि पोकळ नळ्यांत मेणाचा फवारा मारून घ्या. तळाच्या पाणी निघायच्या भोकांत काडी घालून ती मोकळी आहेत का पाहत जा. किनाऱ्यावरच्या रस्त्याने फिरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. आणि केळव्याच्या किंवा चिंचणीच्या पुळणीवर गाडी उतरवू नका, फोटो कितीही चांगला येणार असला तरी. रुतलेली गाडी ट्रॅक्टर ओढून काढेल, नळ्यांत शिरलेलं मीठ कोण काढणार?

गतिरोधक हा इथला खरा शत्रू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढून उतरते. गावात बांधलेला गतिरोधक तितकाच किंवा त्याहून उंच असतो आणि रुंदी जेमतेम हातभर. त्यावरून बुटकी गाडी तिरकी न्यायची, एकेक चाक करून. ऑइल संपखाली ३ मिलिमीटरची पोलादी पट्टी बोल्ट करून घ्या. एक-दीड किलो वाढेल, वाढू द्या.

फिरायचं कुठे? माहीम, केळवे, शिरगावचे वाडीतले रस्ते हिवाळ्याच्या सकाळी उत्तम. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीतली वळणं या गाडीसाठीच केल्यासारखी आहेत, मात्र ट्रक सुरू होण्याआधी गाठायची. देवळापाशी थांबलात तर सीटवर केळी ठेवू नका. टप नसलेल्या गाडीचा अर्थ खिंडीतल्या माकडांना लगेच कळतो. विक्रमगडवरून जव्हारला जाणारा रस्ता लांबचा, पण बारा महिन्यांतला सर्वांत सुंदर दिवस तिथेच मिळेल.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मात्र शक्यतो जाऊच नका. जावंच लागलं तर हे लक्षात असू द्या, की तुमचं डोकं ट्रकच्या चाकाच्या नटांच्या उंचीवर आहे आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. दिवसाही हेडलाइट लावा, ट्रेलरच्या बाजूला रेंगाळू नका, एक तर पुढे व्हा नाही तर मागे राहा. काँक्रीटचा नवा थर आणि जुना रस्ता यांच्या उंचीत जिथे फरक आहे तिथे लेन बदलू नका. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर तीन लेनच्या दोन होतात. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री तिथेच अपघातात गेले, तेही दणकट मर्सिडीजमध्ये. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. तुमच्या गाडीला एअरबॅग नाही, छप्पर नाही. डोक्यामागे रोल बार हवाच, पट्टा हवाच, आणि तो पट्टा फायबरला नव्हे तर नळीला बोल्ट केलेला हवा.

विम्याची एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. दाव्यात फायबरच्या भागांवर सरसकट ३० टक्के घसारा कापतात, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के. ज्या गाडीचं अख्खं अंग फायबरचं आहे, तिच्या दाव्यात हे किती जाईल ते आधीच मोजून ठेवा. आणि विमा घेताना गाडीची किंमत एजंटच्या संगणकाने ठरवू देऊ नका. असल्या गाड्या त्याच्या यादीत नसतात.

पेट्रोल आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचे रबरी होज आणि गॅस्केट त्याने फुगतात, ठिसूळ होतात. घेतल्या-घेतल्या टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉल सोसणारे टाका. पाचशे-हजाराचं काम आहे आणि न केल्यास आग लागू शकते, कारण तो होज तापलेल्या सायलेन्सरच्या वीतभर अंतरावरून जातो.

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार, हे आधीच मान्य करा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवू नका. गळ्यापर्यंत भरा किंवा रिकामी करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चाकांत हवा थोडी जास्त भरा, जमल्यास गाडी स्टँडवर चढवा. वरून ताडपत्री घालू नका, आत घाम धरतो. हवा खेळेल असं सुती कव्हर आणि डोक्यावर पक्कं छप्पर हवं. उंदरांसाठी जे काही करत असाल ते दुप्पट करा. सीटखालचा फोम आणि वायरिंग ही त्यांची आवडती ठिकाणं.

एवढं वाचून खिसा किंवा घरचे नाही म्हणत असतील तर एक करून पाहा. जुनी मारुती ८०० किंवा अल्टो बहुतेकांच्या घरी असते, नाही तर मेहुण्याकडे असते. मारुती ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो, म्हणजे रोडस्टरपेक्षाही हलकी. त्यात चार माणसं बसली की अडीचशे किलो वाढतात, गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. चाकांची हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा, अलाइनमेंट करून घ्या, डिकीतली गव्हाची गोणी, क्रिकेटचं सामान नि लग्नातून आणलेले नारळ उतरवा, आणि पहाटे एकट्याने वाघोबा खिंडीतून मनोरपर्यंत जाऊन या. संध्याकाळी तोच रस्ता घरच्या सगळ्यांना घेऊन करा. वळणावर काय बदललं, ब्रेक किती आधी लावावा लागला, चढावर कुठला गिअर टाकावा लागला, हे कळलं आणि त्यात गंमत वाटली, तर रोडस्टरसाठी पैसे साठवायला लागा. नाही वाटली तर तेवढेच वाचले. अजून हलकी करायची म्हणून मागची सीट मात्र काढून ठेवू नका, त्यासाठीही कलम ५२ आहे. आणि स्टेपनी राहू द्या; चिल्लार फाट्यावर पहाटे पाचला पंक्चरवाला उठलेला नसतो.